थांबत नाही गाडी

द्रांदे आली तेव्हा अंधारलं होतं.
किल्ली तिच्या मुठीत
आणि गाडी अंगणात तशीच धडधडत.
"थांबत नाही, न्दोत्स," म्हणाली,
पोर रडायचं थांबत नाही म्हणावं, तशी.

मी बॉनेट उचललं,
पंपाजवळची खटकी अंगठ्यानं दाबली.
पाच सिलिंडर एकदा थरथरून गप्प झाले.
पलीकडच्या डोंगरावरचं कुत्रं
मला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आलं.

ब्याऐंशीची मर्सिडीज, लांब पाठीची,
डिझेल, वर टर्बो.
हॅनोवरला कुणाचं तरी फर्निचर वाहिलं हिनं,
मग दुर्रसच्या धक्क्यावर उतरली,
आणि तेव्हापासून पुका ते श्कोदर :
चीजची भांडी, बटाटे,
इस्पितळात निघालेली म्हातारी माणसं.
आकडा सात लाखांवर कधीतरी अडकला,
पुढं तिचं वय कुणी विचारलं नाही.

मला ती पाठ आहे.
दर वर्षी बर्फाआधी वाल्वच्या फटी मोजतो,
इंजिन गार असताना, पत्तीनं :
आतल्या दहा, बाहेरच्या पस्तीस.
टर्बोचा दाब पंपाला कळवणारी नळी
काजळीनं बुजली की घाटात रडते बिचारी,
लोक म्हणतात टर्बो गेला.
गेलेला नसतो. निरोप पोचत नसतो.
तार घालतो, फुंकतो,
हातावर काळं पडतं, गाडी चढते.

पण हे वेगळं होतं.
डिझेल ठिणगीवर जळत नाही,
म्हणून ठिणगी तोडून विझत नाही.
किल्ली फिरली की एक पोकळी
रबराच्या बारीक नळ्यांतून धावते
आणि पंपाचा गळा आवळते.
काहीच नसलेलं काहीतरी
एवढं मोठं धूड थांबवतं.
ते 'नसणं'च कुठंतरी गळत होतं.

तीन दिवस मी इंजिनात डोकं घालून.
व्हॅक्यूम पंपाचा पडदा बदलला.
भंगारातून बंद करायचा वाल्व आणला, बसवला.
गाडी चालूच.
आजार रेड्याला, इंजेक्शन पखालीला.

चौथ्या दिवशी चिडून
पिवळी नळी पकडीनं चिमटली
आणि इंजिन थांबलं.
पिवळी नळी. दारांच्या कुलपांची.
तीही त्याच पोकळीवर जगते,
हे मला माहीत होतं, वीस वर्षं माहीत होतं.

एकेक दार उघडून पाहिलं.
मागचं डावं.
आतला पत्रा काढला तर रबर चिरलेलं,
खाली गंजलेला हेअरपिन
आणि शेंगदाण्याची सालं.

"मरिकानं आपटलं होतं ते," द्रांदे म्हणाली,
"बारीच्या जहाजावर सोडायला गेले तेव्हा."
पुढं बोलली नाही. मीही पान्हे पुसत राहिलो.

सांगितलं : नळीच्या तोंडात स्क्रू घालतो,
पाच मिनिटांचं काम, फुकट.
दाराचं कुलूप मरेल, गाडी थांबेल.
नाहीतर जर्मनीहून भाग मागवायचा,
चाळीस युरो, महिना.

"मागव," म्हणाली.
मी म्हटलं, अगं, एका दारासाठी?
तिनं चीजचा गोळा बाकावर ठेवला
आणि गेली.

महिनाभर प्रत्येक थांब्यावर
द्रांदे खाली उतरायची, बॉनेट उचलायची,
हात आत घालून खटकी दाबायची.
प्रवासी पिशव्या सांभाळत बघत राहायचे.
कुणी हसलं तर म्हणायची,
"चालू करायला बायका लागत नाहीत,
थांबवायला लागतात."

भाग आला मार्चमध्ये, चुकीच्या रंगाचा,
पण बसला.
किल्ली फिरवली, दोन ठोके, शांत.
चारही कुलपं एकदम टक् करून खाली गेली.

ती आत बसून राहिली,
टर्बो गार व्हायला देतात तेवढा वेळ,
इंजिन तर आधीच बंद होतं.
मग काच खाली केली.
"वायपरचं बघ आता," म्हणाली.